तू मले इचारलंच कुठी?

(इ. १० वी, सन २००० च्या तुकडीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमिलनात केलेलं भाषण)



आत्ता माझी ओळख करून देताना सांगितलं गेलं, की आरमोरीच्या पंप-इंजिन दुरुस्तीवाल्याची ही मुलगी, विमानशास्त्रात पुढे शिकायची फार इच्छा होती, घरच्या परिस्थितीमुळे ते राहून गेलं, तरी जिद्दीनं पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर झाली. टाळ्या पण वाजल्या. सूत्रसंचालकांची यात काही चूक नाही. आपला व्हॉट्सॲप ग्रुप सुरू झाला तेव्हा 'प्रत्येकानं स्वतःबद्दल चार ओळी लिहा' असं ठरलं होतं आणि या चार ओळी मीच लिहिल्या होत्या. त्यातली परिस्थितीची ओळ खरी नाही. आज पंधरा मिनिटं मिळाली आहेत, तर ती दुरुस्त करते.

आमचं दुकान तुम्हाला आठवत असेल. बाहेर ऑइल इंजिनं उघडी पडलेली, आत बाबा. धानाच्या दिवसांत कुणाचा पंप बंद पडला की रात्री अकरालाही सायकल घेऊन माणूस दारात उभा. शाळेतून आल्यावर मी तिथेच बसायची. वायसर कुठलं, बेअरिंग कुठलं, हे मला पाढ्यांच्या आधी यायचं. दहावीनंतर अकरावीला गेलो आणि तिथली प्रयोगवही सगळ्यांना आठवते ना? लंबकाच्या प्रयोगात साठच्या साठ पोरांचं उत्तर ९.८. एकाचंही ९.६ नाही, १०.१ नाही. कारण आपण उत्तर आधी लिहायचो आणि निरीक्षणं मागून भरायचो. सर हसताहेत. सर, तुम्हाला माहीत होतं, हे आम्हालाही माहीत होतं.

पुढे नागपूरला मेकॅनिकलला गेले. पहिल्याच वर्षी, १ फेब्रुवारी २००३ ला, कोलंबिया यान परत येताना फुटलं आणि कल्पना चावला गेल्या. हॉस्टेलच्या टीव्हीसमोर आम्ही सगळ्या मुली उभ्या होतो. त्यांनी अमेरिकेत जाऊन एरोस्पेसमध्येच एम. एस. आणि पीएच. डी. केली होती, हे मी दुसऱ्या दिवशीच्या पेपरात वाचलं. असा काही विषय असतो आणि त्यात पुढे शिकता येतं, हे मला तेव्हा कळलं. आईनं फोनवर एवढंच म्हटलं, "ते तेवढं नको करू."

शेवटच्या वर्षी गेट दिली. मार्क बरे पडले. एका मोठ्या संस्थेच्या एरोस्पेस विभागाकडून रिसर्च असिस्टंट म्हणून एम. टेक.च्या मुलाखतीला बोलावणं आलं. हा प्रकार काय असतो ते सांगते, कारण इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांची मुलं आता त्या वयात आहेत.

गेटमधून एम. टेक.ला गेलं की सरकारकडून दरमहा विद्यावेतन मिळतं. आज ते १२,४०० रुपये आहे. म्हणजे इंजिनिअरिंगनंतर पुढे शिकताना घरून जवळजवळ काही लागत नाही. आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी याचे दोन मुख्य रस्ते आहेत. पहिला टीचिंग असिस्टंटचा, दोन वर्षांचा. यात शिकता शिकता खालच्या वर्गांच्या तासांना, प्रॅक्टिकलला मदत करायची. दुसरा रिसर्च असिस्टंटचा, तीन वर्षांचा. यात विभागाची प्रयोगशाळा किंवा एखादा संशोधन प्रकल्प सांभाळायचा, तिथली उपकरणं चालती ठेवायची आणि त्यासोबतच वर्गात बसून विषय पास करायचे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम. टेक. (रिसर्च) अशी वेगळी पदवीच आहे, त्यात विषय थोडे आणि प्रबंधाचं काम जास्त. या सगळ्याला मेकॅनिकलवाल्यांनाही जाता येतं. एरोस्पेसची पदवीच असायला पाहिजे, असं नाही.

मला बोलावलं होतं ते या तीन वर्षांच्या रस्त्यासाठी. तीन प्राध्यापक होते. अर्धा तास फळ्यावर प्रश्न झाले, मी सगळी समीकरणं धडाधड लिहिली. बर्नुलीचं सूत्र तर झोपेतून उठवलं असतं तरी लिहिलं असतं. मग त्यातले एक सर म्हणाले, चला, खाली प्रयोगशाळा दाखवतो. तिथे एक छोटा वातबोगदा चालू होता. वातबोगदा म्हणजे एका टोकाला मोठा पंखा असलेला लांब डबा. आत विमानाची प्रतिकृती घट्ट बसवायची आणि तिच्यावरून हवा सोडायची. सरांनी विचारलं, "आत हवा किती वेगानं जातेय, सांगा."

बोगद्यात वाऱ्याकडे तोंड केलेली एक बारीक नळी होती. तिच्यातून रबरी नळी बाहेर येऊन इंग्रजी यू आकाराच्या काचेच्या नळीला जोडली होती. काचेत रंगीत पाणी. एका बाजूचं वर, एका बाजूचं खाली. मी बघत राहिले. मला वाटलं, कुठेतरी आकडा दाखवणारा डबा असेल, तो मी शोधत होते. सरांनी त्या काचेकडे बोट केलं. "हे काय आहे?" मला सांगता आलं नाही. दोन मिनिटं त्या पंख्याचा आवाज फक्त ऐकू येत होता. सर म्हणाले, "हरकत नाही." मला ते त्या वेळी फार लागलं.

आता उत्तर सांगते. वारा नळीच्या तोंडावर येऊन थांबतो, तिथला दाब वाढतो आणि तो दाब पाण्याला खाली ढकलतो. दोन बाजूंच्या पाण्यात जेवढा फरक, त्यावरून वेग निघतो. फरक एक सेंटिमीटर असला, तर हवा सेकंदाला सुमारे १२.८ मीटर, म्हणजे ताशी ४६ किलोमीटरनं चालली आहे. फळ्यावर मी जे सूत्र लिहून आले होते, तेच हे. विमानाचा वेगसुद्धा अशाच नळीवर मोजतात, पिटो नळी म्हणतात तिला.

आणि ती पाण्याची नळी मी आयुष्यात पाहिली नव्हती, असंही नाही. आमचं घर बांधलं तेव्हा गवंड्यानं पारदर्शक नळीत पाणी भरून चारही कोपऱ्यांची लेव्हल काढली होती आणि नळीचं एक टोक धरून मीच उभी होते. पाणी दोन्हीकडे सारखं का येतं, हे मी त्याला विचारलं होतं आणि त्यानं सांगितलंही होतं. वर्गात शिकले ते आणि अंगणात पाहिलं ते, दोन्ही एकच आहे, हे मला काही सुचलं नाही.

तरी माझी निवड झाली. होय, झाली. पत्र हॉस्टेलच्या पत्त्यावर आलं. त्याच महिन्यात पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचंही पत्र आलं होतं. २००६ साली मेकॅनिकलच्या आमच्या वर्गातली निम्मी मुलं सॉफ्टवेअरमध्येच गेली. मी एम. टेक.चं पत्र बॅगेच्या तळाशी ठेवलं आणि पुण्याची गाडी धरली. आतून वाटत होतं, तिथे गेले तर रोज कुणीतरी एखादी नळी दाखवून विचारेल, हे काय आहे, आणि मला येणार नाही. तीन वर्षं हे कोण सहन करणार? पण असं कुणाला सांगता येत नाही. मग मी सांगत गेले, की घरची परिस्थिती नव्हती. दुकान, दादाचं लग्न, आईचं ऑपरेशन. हे सगळं खरं होतं, म्हणून ते पटायचंही. हळूहळू मलाही पटलं.

पुण्याच्या नोकरीबद्दल माझी तक्रार नाही. बँकांच्या व्यवहारांचं सॉफ्टवेअर लिहिते, एकोणीस वर्षं झाली, काम आवडतं. फक्त एक खोड राहिली. आकाशात काही गेलं की मी बातमी शेवटपर्यंत वाचते. २२ जून २०१६ ला पुण्याच्या सीओईपीच्या मुलांनी बनवलेला 'स्वयम्' उपग्रह पीएसएलव्हीवरून गेला. वजन एक किलोच्या आत. त्याला दिशा देण्यासाठी त्यांनी आत साधं कायमचं चुंबक बसवलं होतं. होकायंत्राची सुई जशी पृथ्वीच्या चुंबकत्वाला धरून राहते, तसाच तो उपग्रह. वीज लागत नाही, बिघडायला काही नाही. तीन महिन्यांनी, २६ सप्टेंबरला, आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा 'प्रथम' गेला, सुमारे दहा किलोचा. दोन्ही उपग्रहांवर मुलांच्या कितीतरी तुकड्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. ज्यांनी सुरुवात केली ते उडण्याच्या दिवशी नोकरीला किंवा पुढच्या शिक्षणाला लागलेले होते. मी ऑफिसच्या कँटीनमध्ये मोबाइलवर उड्डाण पाहिलं आणि जेवण गार झालं.

मग आला २०२२ चा गुढीपाडवा. २ एप्रिलची संध्याकाळ. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो जळत जाणारा पट्टा अंगणातून पाहिला असेल. नदीपलीकडे सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूचं मोठं कडं पडलं, दोन-तीन मीटर व्यासाचं, चाळीस किलोंच्या वर. आसपासच्या गावांत काळे गोळेही सापडले. इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहून गेले. अवकाशातल्या वस्तूंची नोंद ठेवणारे जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं, की फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी 'चँग झेंग ३ बी' रॉकेटचा तो तिसरा टप्पा असावा.

माझी भाची, दादाची मुलगी, तेव्हा मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि सणाला घरी आली होती. तिनं मला त्या गोळ्याचा फोटो पाठवला. खाली प्रश्न: "आत्या, याच्यावर कोसा गुंडाळल्यासारखं काहून दिसते?"

आरमोरीचीच पोरगी असं विचारू शकते. आणि तिनं बरोबर ओळखलं होतं. रॉकेटमध्ये जास्त दाबाचा वायू भरायला अशा टाक्या असतात. निव्वळ धातूची केली तर फार जड होते. म्हणून आत धातूचा पातळ गोळा करतात आणि त्यावर मजबूत तंतू राळेत भिजवून आडवेतिडवे गुंडाळतात. दाब तो धागा पेलतो. धागा कुठल्या कोनात गुंडाळायचा, यावर लोकांनी पीएच. डी. केल्या आहेत. मी तिला हे सगळं फोनवर एक तास सांगितलं. ती म्हणाली, "आत्या, तुला एवढं येते, तर तू याच्यात काहून नाही गेली?" मी नेहमीचं उत्तर दिलं.

दोन वर्षांनी तिनं गेट दिली आणि तिलाही रिसर्च असिस्टंटचीच जागा मिळाली. जाण्याआधी सगळे घरी जमलो होतो. घरातले म्हणत होते, तीन वर्षं कशाला, नोकरी मिळतेय ती घे. मी तिच्या बाजूनं भांडले आणि शेवटी म्हणाले, "माझ्या वेळी परिस्थिती नव्हती, म्हणून मी गेले नाही. आता आहे, तर हिला जाऊ द्या."

बाबा खाटेवर पडून होते. मला वाटलं, झोपले आहेत. ते तसेच पडल्या पडल्या म्हणाले, "परिस्थिती होती का नोहती, ते मंग पाहू. तू मले इचारलंच कुठी?"

कुणीच काही बोललं नाही. मग ते उठून बसले आणि म्हणाले, "मी अठरा वर्सं ऐकून रायलो. लोकं येऊन म्हणतेत, तुमच्यापायी पोरीचं रायलं. मले तं मालूमच नोहतं, तिले काय पायजे होतं."

त्या रात्री मी त्यांना पत्राचं सांगितलं, त्या काचेच्या नळीचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "पाणी किती चढलं होतं?" मला आठवत नव्हतं. ते म्हणाले, "मंग तू पायलंच नाही." एवढंच. त्यानंतर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. पण मी तुम्हाला ती चार ओळींची ओळख लिहून दिली होती, आणि गावात तीच फिरत होती. म्हणून इथे बोलणं भाग होतं.

आता भाचीचं काय चाललंय ते सांगते, म्हणजे या शिक्षणात रोज काय असतं ते कळेल. पहिल्या सेमिस्टरला ती गणितात आपटली. सकाळी वर्ग, दुपारी प्रयोगशाळा, रात्री गृहपाठ. दोन्ही डगरींवर पाय ठेवणं सोपं नाही. ती रडली, मला फोन केला, आणि मी तिला 'हरकत नाही' म्हणाले. म्हणताना मला कळलं, की त्या सरांनीही ते चांगल्या मनानंच म्हटलं होतं. प्रयोगशाळेत तिच्याकडे एका पंखाच्या प्रतिकृतीवरचा दाब मोजायचं काम आहे. पंखावर बारीक छिद्रं, प्रत्येक छिद्राला एक नळी. आकडे रोज वेगळे यायचे. तीन महिने तिनं प्रोग्रॅम तपासला, यंत्रं तपासली. शेवटी आजोबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "हवा कुठीतरी जाते. साबणाचं पाणी लाव." ट्यूबचं पंक्चर जसं शोधतात तसं. तिनं लावलं. एका जोडावर बुडबुडे आले. तिच्या प्रबंधात ही गोष्ट एका ओळीत येईल, 'गळती तपासली', पण तीन महिन्यांत ती जे शिकली ते त्या एका ओळीत आहे. मुख्य म्हणजे तिनं लंबकाच्या प्रयोगासारखे आकडे मागून भरले नाहीत.

हे काही नवीन नाही. गडहिंग्लज तालुक्यातल्या हसूरचंपू गावचे डॉ. विष्णु माधव घाटगे जर्मनीत गॉटिंगेनला गेले आणि लुडविग प्रांटल यांच्याकडे शिकून १९३६ मध्ये डॉक्टर झाले. कागदावरचं गणित आणि वातबोगद्यातलं मोजमाप तिथे शेजारी शेजारी चालायचं. परत आल्यावर त्यांनी बंगळुरूला शिकवलंही आणि हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये विमानंही केली. त्यांच्या चमूनं आराखडा केलेलं एचटी-२ हे भारतीय बनावटीचं शिकाऊ विमान १९५१ मध्ये उडालं. एका खेड्यातून निघालेल्या माणसानं हे तेव्हा केलं. आपल्याकडून वडसा स्टेशनला जाऊन आज गाडी धरता येते.

शेवटचं सांगते. परवा मी आल्यावर भाची पण आली आहे. आम्ही हार्डवेअरच्या दुकानातून गवंड्याची पारदर्शक नळी आणली, पाण्यात कुंकू कालवलं आणि एका काठीला बांधून ब्रह्मपुरी रोडवर मोटारसायकल काढली. ती चालवत होती, मी मागे नळी धरून. स्पीडोमीटर ४५. पाणी हललंच नाही! दोघींचे चेहरे पडले. मग लक्षात आलं, मी नळी तिच्या पाठीमागे धरली होती, वारा सगळा तीच खात होती. काठी बाजूला लांब धरली, नळीचं दुसरं टोक वाऱ्याला आडवं ठेवलं आणि पाणी चढलं. साधारण एक सेंटिमीटर. हात हलतो, त्यामुळे कधी आठ मिलिमीटर, कधी बारा. मी तसंच लिहून ठेवलं आहे. घरी येऊन बाबांना आधी तो आकडा सांगितला.

ती नळी मी शाळेसाठी आणली आहे. बाई, एवढी विनंती आहे, की कपाटात कुलूप लावून ठेवू नका. फुटली तर चाळीस-पन्नास रुपयांत दुसरी येते. आणि तुम्हा सगळ्यांना एक सांगणं आहे. घरातलं पोर काही विचारत नसेल, तर आपण एकदा विचारावं, की तुला काय पाहिजे. आमच्या घरी ते दोन्ही बाजूंनी राहून गेलं.

चहानंतर मैदानाच्या फाटकापाशी ज्यांना करून पाहायचं असेल त्यांनी या. भाची तिथेच आहे. काठी आहे, नळी आहे. मोटारसायकल कुणाची घ्यायची, ते तेवढं ठरवा.